पहिल्या पाचात

४ सप्टें. ७८
घसा बसलाय. शेवटचा तास ८ ब ला मराठी. शेवटच्या तासाला मराठी शिकवणं म्हणजे पंगत उठल्यावर वाढायला येणं. मुलींचे डोळे घराकडं, माझेही. पद्मा खिडकीतून बाहेर बघत बसलेली. सख्खी भाची, अक्काची लेक, म्हणून तिला मुद्दाम प्रश्न विचारते. तिला येत नाही, म्हणून मुद्दाम रागावते. शाळेत मी तिची बाई, घरी पिन्नी. (आमच्या तेलुगूत मावशीला पिन्नी.)

घरी आले तर अम्मा उंबऱ्यात रिकाम्या हातांनी बसलेली. मांडीवर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही. म्हणाली, डोळ्यांना आता पानाची शीर दिसत नाही. काल कारखान्यातल्या चेकरनं तिच्या निम्म्या विड्या खराब म्हणून छाटात टाकल्या. अम्माच्या विड्या, छाटात! संपलं तिचं काम. चहा केला. दोघींनी प्यायला.

७ सप्टें.
जेवताना अक्कानं विषय काढलाच. अम्माच्या कार्डाचं काय करायचं.

कार्ड असेल तर कारखाना घरी विड्या वळायला पान-तंबाखू देतो, नसेल तर नाही. आमच्या गल्लीत कार्ड सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला जातं, दागिना जावा तसं. अक्काचं स्वतःचं आहे. अम्माच्या कार्डावर घरातली दुसरी कुणी बसली नाही तर कारखान्याचा मुनशी ते दुसऱ्या बाईला देणार. दिवाळीनंतर शाळा उघडते त्या सुमारास कारखान्यात नावं पक्की करतात.

अक्का : पद्माला बसवू.
मी : ती आठवीत आहे.
अक्का : मंग? सातवी झाली की. मी दुसरी शिकले, मेले का? आता फंडबी लागलाय. नोकरीच की ती.

बावा, म्हणजे अक्काचा नवरा, भात कालवत होता. यंत्रमागाच्या खडखडाटात राहून त्याला कमी ऐकू येतं, पण इतकंही कमी नाही. घरात भांडण निघालं की हा माणूस भात कालवतो.

१० सप्टें. रविवार
भांडण झालं. मी म्हटलं, पद्मा हुशार आहे, तिला काढू नकोस. दुसरं काही म्हणायला सुचलंच नाही.

अक्कानं हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला, मग वर बघितलं. "तुझ्यासारखी हुशार?"
"हो."
"मंग दाव की. सहामाहीत पहिल्या पाचात येऊ दे. आली तर कार्ड गेलं चुलीत, शिकव तुला किती शिकवायचं ते. न्हाय आली तर माझं ऐकायचं. परत तोंड उघडायचं न्हाय."

मी लगेच हो म्हटलं. का नको म्हणू? मी अशीच वर आले. शिष्यवृत्ती, मॅट्रिक, बी. ए., बी. एड. कुणाची चिठ्ठी नाही, कुणाचा वशिला नाही. नायनांना (वडिलांना) सही येत नव्हती, पण त्यांनी माझं डोकं ओळखलं आणि शाळेत घातलं. पुढचं मार्कांनी केलं. माझा देवावर जेवढा नाही तेवढा मार्कांवर विश्वास आहे.

पद्मा आत ऐकत होती. बाहेर आली नाही.

१४ सप्टें.
रोज संध्याकाळी पद्माचा अभ्यास. त्याआधी तिला अक्काबरोबर पानं कापायला बसावं लागतं, तो वेळ अक्का सोडत नाही. मग माझ्यापुढं येऊन बसते, बोटांना तंबाखूचा वास, डोळे मिटायला आलेले. गणितात व्याजाचं काही केल्या डोक्यात शिरत नाही. इंग्रजीचं स्पेलिंग आज पाठ, उद्या साफ.

वाईट नाही पोरगी. समजूतदार, हसरी, गल्लीतली सगळी पोरं तिच्या अंगाखांद्यावर. पण हुशार? मी आठवीत होते तेव्हा...

असो. आज चिडून वही आपटली. तिनं शांतपणे उचलून पानं सरळ केली. तेव्हा जास्त चिडले.

२१ सप्टें.
शिक्षकखोली. मोठ्या बाईंनी (हेडमिस्ट्रेस, यापुढं मो.बा., लिहून हात दुखतो) बोलावून पद्माची चौकशी केली. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मायेनं बोलल्या, खोटं कशाला म्हणू.

"शकुंतलाबाई, मी पालकसभेत नेहमी तुमचंच उदाहरण देते. हुशारी झाकून राहत नाही. कुठल्याही वस्तीत असो, वर येतेच. ज्या राहतात त्या राहतात. त्यांच्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नसतो."

बक्षीससमारंभात हेच भाषण मी स्वतः दोनदा केलंय. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आज ते ऐकताना खुर्चीत नीट बसता येईना.

बाहेर हिरेमठबाईंना सांगितलं. या मैंदर्गीच्या, वडिलांचं किराणा दुकान, माझ्याच बरोबरीनं नोकरीला लागलेल्या. खो खो हसल्या. "अहो, मी मॅट्रिकला दोनदा आपटले की! बी. ए. पास क्लास. आमच्या अप्पांनी एकदासुद्धा विचारलं नाही, पोरगी हुशार आहे का म्हणून. नापास झाले तर म्हणाले, परत बस. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. डबा खाताना, मग दिवसभर तेच डोक्यात.

२५ सप्टें.
डोकं दुखतंय. निबंध तपासतेय. विषय 'मी शिक्षिका झाले तर'. तीन मुलींनी लिहिलंय की मी शिक्षिका झाले तर हुशार मुलींना पुढं बसवीन. पद्मानं लिहिलंय, मी शिक्षिका झाले तर मधल्या सुट्टीची घंटा लवकर देईन. शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, शेवटी हसू आलंच.

२ ऑक्टो.
सुट्टी. अम्माच्या डोक्याला तेल लावत होते. सहज म्हटलं, नायना असते तर पद्माला काढू दिलं नसतं, त्यांना डोकं ओळखता यायचं.

अम्माला इतकं हसू आलं की खोकला लागला. पाणी दिलं. मग म्हणाली, "डोकं कसलं गं? तुझी विडी ढिली व्हायची. लहानपनापासून तुझा हातच तसा. एवढं पान वाया! मुनशी माझ्यावर ओरडायचा. नायना म्हनले, ही घरात बसून पान नासते, त्यापरीस शाळेत तरी जाऊ दे."

हात तसाच तिच्या केसांत राहिला. विचारलं, आणि अक्का?

"तिचा हात? बाई बाई! गल्लीत तसा हात न्हवता. तिला कशी सोडनार? दुसरीत होती, तर मास्तर घरी आलेते, पोरीला काढू नका, लई चांगली हाय म्हनत. मी म्हनलं, मास्तर, हिला तुमी नेली तर आमी खायचं काय?"

एवढं सांगून तिनं मान पुढं केली, मागच्या बाजूला तेल लाव म्हणून. लावलं.

३ ऑक्टो.
माझ्यासाठी मास्तर आले नव्हते.

६ ऑक्टो.
शाळेत जाते, शिकवते, येते. कुणाला सांगू, आणि काय सांगू? मी चाळिशीला आलेली बाई, बी. ए., बी. एड., आणि कळतं काय, तर मला शाळेत घातलं कारण मी विडीला नालायक होते. हसण्यासारखंच आहे. हिरेमठबाईंना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि मग मीही.

पण हसू येत नाही. अक्काकडं बघवत नाही. ती पहिल्यासारखीच. सकाळी माझ्या साडीला इस्त्री नाही म्हणून तिनं आपल्या हातानं ती गादीखाली घालून ठेवली होती. ती माझा डबा भरते. पगार झाला की शेजारणींना सांगते, "आमच्या चेल्लीचं डोकं!" चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. इतकी वर्षं हे ऐकून माझी मान ताठ व्हायची.

माझं लग्न जमलं नाही तेव्हाही तिनं असंच म्हटलं होतं. शिकलेला मुलगा आमच्यात मिळेना, न शिकलेले पुढं यायला घाबरायचे. एकानं विचारलेलं, डिग्रीचं लोकांना सांगू नका, चालेल का. अक्कानं त्याला दारातून घालवलं. "डोकं लपवायला सांगतोय मेला."

११ ऑक्टो. दसरा
सोनं वाटायला गल्लीभर फिरणं झालं. मुनशीच्या बायकोनं अक्काला विचारलं, पोरीचं ठरलं का? अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "परीक्षा झाली की सांगते."

१७ ऑक्टो.
गणिताचा पेपर. पद्मा घरी आली ती सरळ सूप घेऊन बसली. कसा गेला विचारलं तर म्हणाली, "गेला." अक्कानं आपल्या पुढ्यातली पानं थोडी पद्माच्या पुढ्यात सारली, एवढंच.

आज वाटलं, पास होईल, वर्गात टिकेल, मग पुरे की. कुणाच्या पहिल्या पाचात यायचं? मो.बां.ची पुतणी ९ अ मध्ये आहे. तिचा नंबर कधी कुणी विचारलाय? तिला नंबर नसला तरी चालतो, ती येतेच शाळेत. आमच्या पोरीला शाळेत राहायला पहिल्या पाचात यावं लागतं. आणि ही अट मीच कबूल केली. कुणी लादली नाही माझ्यावर.

२४ ऑक्टो.
निकाल. पद्मा एकोणिसावी. सगळ्या विषयांत पास. गणितात काठावर.

प्रगतिपुस्तक न्यायला पालक लागतात. बावा मागावर, म्हणून अक्का आली. इतकी वर्षं मी या शाळेत आहे, ती पहिल्यांदा आत आली. चपला थेट फाटकापाशीच काढून ठेवल्या. फरशीवर अनवाणी चालत आली. सगळ्यांदेखत मला 'बाई' म्हणाली. मी म्हटलं, अक्का, बस. बसली नाही. मो.बां.नीही खुर्ची दाखवली, तरी उभीच.

मो.बा. : पुढं काय ठरवलंत मुलीचं?
अक्का : कारखान्यात कार्ड हाय जी. बसवनार.
मो.बा. : तुमचं बरोबर आहे. प्रत्येकाला अभ्यास झेपत नाही. हातात काम असलेलं चांगलं.
अक्का : व्हय जी. आमच्या घरात एकच डोकं. ते हिच्यात आलं. बाकी आमी हाताची मानसं.

आणि दोघी माझ्याकडं बघून हसल्या. एक खुर्चीतून, एक उभ्यानं. दोघींचं एकदम पटलेलं. मध्ये मी प्रगतिपुस्तक हातात घेऊन. मला वाटलं ओरडावं, हिचं दुसरीतलं डोकं बघायला मास्तर घरी आले होते! ओरडले नाही. कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखवलं. तिची सही सुरेख आहे, दुसरीपर्यंतच्या अक्षरात.

घरी परतताना अक्का पद्माला म्हणाली, "रडू नगंस. तुला हात हाय."
पद्मा रडत नव्हती.

३१ ऑक्टो. दिवाळी
चिवडा केला. अम्माला चावत नाही. पद्माला नवी परकर-चोळी आणली होती, तिनं घालून दाखवली. अक्का म्हणाली, आता साडी आनायला पायजे. बास, आज एवढंच.

५ नोव्हें.
सुट्टीत पद्मा पूर्ण वेळ बसते. खरंच हात आहे पोरीला. कात्री पानावरून सरकते ते बघत राहावं. आज मनात आलं, हिचा हात ढिला असता तर बरं झालं असतं. भाचीबद्दल कुणी असा विचार करतं का?

१२ नोव्हें.
बोलले शेवटी. दुपारी, अक्का आणि मी दोघीच. अम्मा झोपलेली, पद्मा दुकानात.

म्हटलं, "अक्का, मी हरले, कबूल. पण ती हुशार नसली तरी शिकू दे."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला ताप आहे. "हुशार न्हाय तर कशाला शिकायचं?"

उत्तर होतं, पण ते कसं सांगायचं ते मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही. हिरेमठबाईंचं सांगितलं, दोनदा नापास झाल्या, तरी आज बाई आहेत. अक्का म्हणाली, "त्यांचं येगळं." बरोबर आहे. त्यांचं वेगळं. हेच तर सांगायचं होतं मला.

मग राहवलं नाही. अम्माचं बोलणं सांगून टाकलं. ढिली विडी, वाया गेलेलं पान, घरी आलेले मास्तर. म्हटलं, डोकं तुला होतं अक्का. मला शाळेत घातलं कारण मला वळता येत नव्हतं.

अक्काचे हात थांबले. तिचे हात कधी थांबत नाहीत. म्हणाली, "मास्तर आलेते. ठाव हाय मला. दारामागं मीच उभी होते की."

मला रडू फुटलं. ती रडली नाही. माझ्या पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मग एकदम हात धरला, घट्ट, आणि बघत म्हणाली, "पन डोकं तुलाच हाय. म्हन की. तुला न्हाय, तर मी एवढी वर्सं विड्या कशासाठी वळल्या गं?"

मी म्हटलं, "हाय. मलाच हाय."

तिनं हात सोडला. सूप परत मांडीवर घेतलं.

१३ नोव्हें.
काल मी 'मलाच हाय' म्हटलं तेव्हाच पद्माचं वकीलपत्र सोडलं. माझं डोकं खरं, तर पद्माचा एकोणिसावा नंबरही खरा. ते खोटं, तर अक्काचं सगळं आयुष्य... थकले. खरंच थकले. कुणीतरी मो.बां.सारखं ठाम सांगावं की असं आहे, आणि मी मान डोलवावी.

१६ नोव्हें.
बावा आज रात्रपाळीला जाताना दारात थांबला. मला म्हणाला, "मला सातवीत पास केलं नव्हतं मास्तरनी. परत बसावं वाटलं होतं." एवढंच बोलून गेला. त्याला हे बोलायला इतकी वर्षं लागली. मी अक्काकडं बघितलं. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

१९ नोव्हें. रविवार
उद्या शाळा उघडते. उद्याच मुनशी नावं पक्की करणार. दोन्ही एकाच दिवशी यावं! अक्काला विचारलं, काय करायचं? "सकाळी बघू." तिनं 'बघू' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती एक तर हो म्हणते नाही तर नाही.

पद्मा माझ्याजवळ येऊन बसली.
"पिन्नी, मी हुशार न्हाय ना?"
खोटं बोलणार होते. नाही बोलले. "नाहीस. मध्यम आहेस."
तिला हसू आलं. सुटल्यासारखं हसली. "मंग उद्या येऊ का नको?"
"ये."
"कशाला?"

मी म्हटलं, "तुला यावं वाटतं का?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. अक्का चुलीपाशी होती, तिचा झारा थांबला. पद्मा हळूच म्हणाली, "वाटतं. पन काय उपेग?"

अक्कानं झारा पुन्हा फिरवला. भाजी लागली होती. तशीच खाल्ली सगळ्यांनी.

२० नोव्हें. सकाळ
निघायच्या आधी चार ओळी. स्वस्थ बसवत नाही म्हणून.

अक्का पहाटेच उठलीय. पद्माला न्हाऊ घातलं. डबे किती भरले ते बघायला मी आत जात नाही. मुनशीचा माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसून गेला.

आता पद्माला पुढ्यात घेऊन केस विंचरते आहे. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, रिबिनी बांधून वर दुमडलेल्या. कारखान्यात जाणाऱ्या बायका एक घालतात. पद्मा मान खाली घालून बसलीय. मी दारातून बघतेय, अक्काला ते माहीत आहे.

भांग अजून पाडलेला नाही. केसांत गुंता राहिलेला नाही, तरी ती विंचरतेच आहे.